पोलादभट्टीच्या धुळीतील जस्त : पामर्टनचा धडा

विद्युत भट्टीत जस्तलेपित भंगार वितळविताना जस्ताची वाफ होऊन ते धुळीत उतरते. अमेरिकेने १९८० मध्ये ही धूळ घातक कचरा ठरविली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील पामर्टन येथे खनिजापासून जस्त गाळणे थांबले. पुढे तेथील फिरत्या भट्ट्यांत ही धूळ कोळशासह तापवून जस्त ऑक्साइडच्या रूपाने परत मिळविले जाऊ लागले. मात्र आठ दशकांच्या धुराने लगतचा ब्लू माउंटन उजाड केला होता. १९८३ मध्ये हा परिसर संघशासनाच्या प्रदूषण-निर्मूलन यादीत समाविष्ट झाला. धातूची पुनर्प्राप्ती केवळ काटकसरीतून नव्हे, तर कायद्याच्या सक्तीतूनही रुजली, हे यावरून स्पष्ट होते. धुळीतील जस्त परत मिळाले. डोंगराचे हिरवेपण परत आणणे मात्र अधिक दुष्कर ठरले.