‘बेंगाल’ची लढाई : एका सुरुंग काढणाऱ्या जहाजाची गोष्ट

८ ऑगस्ट १९४२ या तारखेला काय घडले, असे नववीच्या वर्गात विचारले तर बरेच हात वर होतात. मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला. वर्धा जिल्ह्यातल्या शाळेत याच्या जोडीला आणखी दोन तारखा सांगितल्या जातात. १४ जुलै, कारण काँग्रेस कार्यकारिणीने हा ठराव आधी वर्ध्यातच संमत केला. आणि १६ ऑगस्ट, कारण त्या दिवशी आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला आणि माणसे मेली.

त्याच ८ ऑगस्टला ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधलेले एक लहान जहाज रॉयल इंडियन नेव्हीत, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश अमलाखालील हिंदी नौदलात दाखल झाले. त्याचे नाव ‘बेंगाल’. पुढे तीनच महिन्यांनी या जहाजाने हिंदी महासागरात जी लढाई दिली तिचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. लढाई तर विलक्षण होतीच, पण तिच्यात शिकवण्यासारखे विज्ञानही आहे आणि इतिहासाचा एक अवघड प्रश्नही.

‘बेंगाल’ लढाईसाठी बांधलेले नव्हते. ते माइनस्वीपर होते, समुद्रातले सुरुंग काढणारे जहाज. वजन ७३३ टन, लांबी सुमारे ५७ मीटर, वेग ताशी १५ नॉट. ऑस्ट्रेलियाने युद्धकाळात या ‘बॅथर्स्ट’ वर्गाची ६० जहाजे बांधली. त्यांपैकी चार हिंदी नौदलाला मिळाली : ‘बेंगाल’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ आणि ‘पंजाब’. यांतले ‘बॉम्बे’ ३१ मे १९४२ च्या रात्री सिडनी बंदरातच होते. त्या रात्री जपानच्या चिमुकल्या पाणबुड्या बंदरात घुसल्या होत्या.

सुरुंग काढायचा म्हणजे काय करायचे, हे कळायला सुरुंग कसा उडतो ते पाहायला हवे. जुन्या पद्धतीचा सुरुंग म्हणजे पोलादाचा पोकळ गोळा. तो तळाशी टाकलेल्या वजनाला तारेने बांधलेला असतो आणि पृष्ठभागाच्या थोडा खाली तरंगत राहतो. त्याच्या अंगावर शिशाची शिंगे असतात आणि प्रत्येक शिंगात आम्लाने भरलेली काचेची नळी. जहाज धडकले की मऊ शिसे वाकते, आतली काच फुटते, आम्ल खाली ठेवलेल्या कार्बन आणि जस्ताच्या पट्ट्यांवर ओघळते आणि विद्युत घट तयार होतो. त्या विजेने स्फोटक पेटते. यातली खुबी अशी की हा घट आधी चालू झालेलाच नसतो, त्यामुळे तो वापराविना संपत नाही. सुरुंग वर्षानुवर्षे पाण्यात पडून राहिला तरी जहाजाला घातक ठरू शकतो. साधा घट शिकवताना हे उदाहरण सांगून पाहावे. मुलांना टॉर्चच्या सेलपेक्षा ते जास्त दिवस लक्षात राहील.

असे सुरुंग काढताना जहाज आपल्यामागे लांब पोलादी दोर ओढते. दोराचे टोक एका तरंगत्या साधनाने बाजूला फाकवलेले असते. पाण्याखालून सरकणारा हा दोर सुरुंगाच्या तारेला अडकतो, दोरावरचे कातर ती तार कापते, सुरुंग वर येतो आणि मग खलाशी त्याला बंदुकीने उडवतात किंवा बुडवतात.

१९३९ मध्ये जर्मनीने दुसरा प्रकार आणला. हा सुरुंग समुद्राच्या तळाशी पडून राहतो आणि त्याला धडकावे लागत नाही. लोखंडी जहाज पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात बांधले जाते, त्यावर हातोडे पडतात आणि ते स्वतःच एक मंद चुंबक होऊन बसते. वर्गात याचा पडताळा घेता येतो : लोखंडाची कांब उत्तर-दक्षिण धरून, उत्तरेचे टोक थोडे खाली झुकवून हातोडीने ठोकावी आणि मग होकायंत्राजवळ न्यावी. जहाज वरून गेले की सुरुंगातली चुंबकीय सुई हलते आणि मंडल पूर्ण होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये असा एक सुरुंग थेम्स नदीच्या मुखाजवळ चिखलात पडलेला सापडला. जॉन ऑव्री या नौदल अधिकाऱ्याने २३ तारखेला तो हाताने उलगडला, तेव्हा त्याचे रहस्य कळले. मग जहाजांभोवती तारेची वेटोळी बसवून, त्यांतून वीज सोडून जहाजाचे चुंबकत्व मारण्यात येऊ लागले. गाउस या गणितज्ञाच्या नावावरून या क्रियेला ‘डीगॉसिंग’ म्हणतात. आणि माइनस्वीपर जोडीने लांब केबली ओढत, खाऱ्या पाण्यातून विजेचे झटके देत, असे सुरुंग दुरूनच उडवू लागले.

हे काम चिकाटीचे. त्यासाठी मोठ्या तोफा लागत नाहीत. पण युद्धात जहाजांची इतकी टंचाई होती की या लहान जहाजांनाच ताफ्यांचे राखणदार करण्यात आले. पाणबुडीचा माग काढणारे ध्वनियंत्र आणि पाण्याखाली फुटणारे बाँब त्यांच्याकडे असत, त्यामुळे पाणबुड्यांपुढे ती उपयोगी पडत. ब्रिटिश माइनस्वीपर आइसलँडहून रशियाच्या मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्क बंदरांकडे जाणाऱ्या ताफ्यांबरोबर उत्तर ध्रुववृत्तापलीकडे जात. तिथे डेकवर साचणारा बर्फ हा आणखी एक शत्रू : तो वेळीच फोडून काढला नाही तर वरचा भार वाढून जहाज कलंडण्याची भीती. त्यांतल्या ‘ब्रॅम्बल’ची कथा थोडक्यात अशी. ३१ डिसेंबर १९४२ ला ते ताफ्यापासून भरकटलेल्या जहाजांच्या शोधात एकटे गेले असताना जर्मन क्रूझर ‘हिपर’ आणि तिच्या विनाशिका समोर आल्या. ‘ब्रॅम्बल’ सर्व खलाशांसह बुडाले. ताफ्यातले मात्र एकही मालवाहू जहाज त्या दिवशी बुडाले नाही.

‘बेंगाल’ची गाठ अशाच शत्रूशी, याच्या सात आठवडे आधी पडली होती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ‘बेंगाल’ ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटलहून दिएगो गार्सिया बेटाकडे निघाले. सोबत ‘ऑंदिना’ हे डच टँकर होते. तेल भरायला ते इराणच्या आबादान बंदराला चालले होते, म्हणजे टाक्या रिकाम्या होत्या. ११ नोव्हेंबरला दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस, दोन मोठी जहाजे दिसली. नकाशात ती जागा सुमारे २० अंश दक्षिणेला आहे. वर्धा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण जेवढे दूर, तेवढीच ती दक्षिणेला.

ती जहाजे जपानची होती, ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’. मूळची प्रवासी-मालवाहू, प्रत्येकी दहा हजार टनांवर, वेग २१ नॉट. व्यापारी जहाजांची शिकार करण्यासाठी त्यांच्यावर सुमारे साडेपाच इंची तोफा, टॉर्पेडो आणि पाण्यावर उतरणारी विमाने चढवलेली होती. ‘बेंगाल’वर तीन इंची, १२ पौंडी एकच तोफ होती आणि तिच्यासाठी ४० गोळे. ‘ऑंदिना’वर चार इंची एक तोफ आणि ३२ गोळे. १२ पौंड म्हणजे साडेपाच किलो. जपानी तोफेचा एक गोळा ३८ किलोंचा.

‘बेंगाल’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी टँकरला दूर निघून जायला सांगितले आणि आपले जहाज सरळ शत्रूवर घातले. हे वाचताना निव्वळ बेफिकिरी वाटते. हिशेब करून पाहिला तर तसे वाटत नाही. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. समजा टँकर १२ नॉटने पळाला तर २१ नॉटने येणारे जहाज दर तासाला जवळजवळ १७ किलोमीटर अंतर तोडते. म्हणजे पळून सुटका नव्हती. कोणीतरी शत्रूचा वेळ खाल्ला तरच आशा होती. लहान तोफेला जवळ गेल्याखेरीज उपयोग नव्हता. शिवाय आडवे उभे राहिलेले ‘बेंगाल’ म्हणजे ५७ मीटर लांबीचे लक्ष्य, आणि नाक समोर करून येणारे ‘बेंगाल’ म्हणजे जेमतेम साडेनऊ मीटर रुंदीचे. विल्सन यांनी त्या क्षणी हा हिशेब मांडला असेल असे मी म्हणत नाही. पण मुलांना मांडायला लावावा.

दोन्ही बाजूंनी मारा सुरू झाला. काही वेळाने ‘होकोकु मारू’वर टॉर्पेडो ठेवलेल्या जागी गोळा लागला. आग भडकली, मोठा स्फोट झाला आणि दहा हजार टनांचे जहाज बुडाले. त्याचा कप्तानही गेला. या जहाजाचा घात शत्रूच्या गोळ्याइतकाच त्याने स्वतः उघड्यावर बाळगलेल्या स्फोटकांनी केला. पुलगावच्या दारूगोळ्याच्या भांडाराशेजारी राहणाऱ्यांना, विशेषतः २०१६ च्या आगीनंतर, हे वेगळे समजावून सांगायला नको.

‘आइकोकु मारू’ मात्र शाबूत होते. ‘बेंगाल’चे गोळे संपत आले. धुराचा पडदा करून टँकरला झाकण्याचा प्रयत्न नीट साधला नाही. ‘बेंगाल’ला गोळे लागले होते, तरी एकही माणूस दगावला नव्हता. अखेर विल्सन यांनी माघार घेतली आणि जहाज दिएगो गार्सियाला नेले. टँकर बुडाला असणार अशीच त्यांची समजूत होती आणि त्यांनी तसेच कळवले.

टँकर बुडाला नव्हता. गोळे संपल्यावर ‘ऑंदिना’चे कप्तान हॉर्समन यांनी शरणागतीची तयारी केली, तेवढ्यात ते गोळ्याने मारले गेले. खलाशी होड्यांत उतरले. जपान्यांनी जहाजावर टॉर्पेडो सोडले आणि होड्यांवर मशीनगन चालवली. त्यातही माणसे मेली. मग ‘होकोकु मारू’चे पाण्यात पडलेले लोक उचलून ‘आइकोकु मारू’ निघून गेले. त्यांनाही टँकर बुडणारच असे वाटले होते. पण रिकाम्या टाक्यांनी त्याला तरंगत ठेवले होते. आर्किमिडीजचे तत्त्व सांगायला यापेक्षा थरारक उदाहरण क्वचितच मिळेल. खलाशी परत जहाजावर चढले, आगी विझवल्या, कललेले जहाज सावरले आणि आठवडाभरात ते फ्रीमँटलला परत नेले.

‘होकोकु मारू’वर लागलेला तो गोळा कोणाचा? डच वृत्तांत श्रेय ‘ऑंदिना’च्या तोफेला देतात, हिंदी नौदलाच्या बाजूचे वृत्तांत ‘बेंगाल’ला. दोघे एकाच वेळी एकाच लक्ष्यावर मारा करत होते आणि ज्या जहाजावर पुरावा होता ते तळाशी गेले. ‘ऑंदिना’चा गोळा वजनाने दुपटीहून जास्त होता, हे तिच्या बाजूने, ‘बेंगाल’ जवळ गेले होते, हे त्याच्या बाजूने. मला ‘ऑंदिना’चा दावा थोडा वजनदार वाटतो. तरीही ‘बेंगाल’ने शत्रूचे लक्ष स्वतःकडे ओढले नसते तर ‘ऑंदिना’ला नेम धरायला उसंत मिळाली नसती, एवढे नक्की. एकाच घटनेचे दोन वृत्तांत समोर ठेवून मुलांना वाद घालू द्यावा. इतिहासाच्या तासाला असा वाद फार कमी होतो.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारहून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसांनी किंवा पैशाने मदत करणे चूक आहे, हेच त्या सत्याग्रहाचे सांगणे होते. त्याच वर्षांत हिंदी नौदल मात्र वाढत होते : १९३९ मध्ये दोन हजारांच्या आत असलेली माणसे युद्धाच्या शेवटी पंचवीस हजारांच्या वर गेली. युद्धापूर्वीच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांचा मोठा भरणा होता. युद्धकाळात इतर प्रांतांतून भरती झाली. कोणी पगारासाठी आले, कोणी घराण्याची रीत म्हणून, कोणी जपान आणि जर्मनी जिंकू नयेत असे मनापासून वाटले म्हणून. आष्टीचा शेतकरी आणि ‘बेंगाल’चा तोफची यांतल्या एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला भाडोत्री म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याला कागदोपत्री आधार मिळत नाही. हेच नौदल १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या तळावर निकृष्ट अन्न आणि अपमानाच्या वागणुकीविरुद्ध उठले आणि बघता बघता संप कराची, कलकत्त्यापर्यंत पसरला. चार वर्षांपूर्वी ब्रिटिश झेंड्याखाली लढलेले आणि आता तो झेंडा उतरवणारे, हे एकाच नौदलाचे लोक होते. या नौदलाच्या युद्धकार्याचा अधिकृत इतिहास १९६४ मध्ये निघाला, तो भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून तयार करवला होता, हेही नोंदवण्यासारखे आहे.

‘आइकोकु मारू’ १७ फेब्रुवारी १९४४ ला पॅसिफिकमधील ट्रुक बेटांजवळ अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात सापडले. त्यातलाही दारूगोळा फुटला आणि बहुतेक सगळे लोक जहाजाबरोबर गेले. ‘बेंगाल’ स्वातंत्र्यानंतर भारताकडे राहिले आणि १९६० पर्यंत भारतीय नौदलात होते.