नगराचा विस्तार आणि नागरिकांची चाल

पुणेकराने सायकल दामटावी आणि मुंबईकराने आगगाडीच्या वेळापत्रकावर जगावे, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचाच भाग होय, असे समजण्याचा प्रघात फार दिवस होता. आम्हांस तो मान्य नाही. माणसाची चाल त्याच्या स्वभावापेक्षा नगराचा विस्तार व वस्तीची दाटी हीच अधिक ठरवितात.

मुंबईचेच पाहा. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ साली धावली. तथापि भुलेश्वर-मांडवीच्या दाट वस्तीतील माणसाला बाजार व गोदी जवळच असल्याने पायी जाणेच सोयीचे होते. १८७४ साली घोड्यांची व १९०७ साली विजेची ट्राम आली, ती याच दाटीच्या आधारावर. कारण तिला पावलोपावली उतारू मिळत. पुढे १८९६ च्या प्लेगनंतर वस्ती दादर-माटुंग्याकडे सरकली. बेट अरुंद असल्यामुळे ती लोहमार्गाच्या कडेनेच वाढली, आणि आगगाडी हा नित्यनेम झाला.

पुण्याच्या पेठा एकमेकींस लागून होत्या. तेथे सायकल पुरत असे. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नगर अधिकच चहूकडे पांगले. अंतरे वाढली, परंतु त्यांना सांधणारा लोहमार्ग नव्हता. मेट्रो धावली ती २०२२ साली. मधल्या काळात सायकलीची जागा मोटारसायकलीने घेतली. तेव्हा पुणेकर आळशी झाला, हा आरोप अन्यायाचा आहे. जाब विचारावयाचाच तर नगराचे नकाशे आखणारांस विचारावा.