नमस्काराला उत्तर

आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी शुभेच्छांचा पूर येतो. सूर्य, गुलाब, गणपती, चहाचा कप. गेल्या वर्षी आमच्यात एक नवा सहकारी आला. त्याने पहिल्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं, 'सर्वांना जय भीम.' दहा मिनिटांत पंधराएक उत्तरं आली. बहुतेकांनी जोडलेले हात पाठवले, दोघा-तिघांनी 'वेलकम' लिहिलं, एकाने 'गुड मॉर्निंग सर'. ते दोन शब्द मात्र कुणीच परत लिहिले नाहीत. मीही हातच पाठवले.

संध्याकाळी लोकलमध्ये ते आठवलं आणि उगाच टोचत राहिलं. हात जोडले म्हणजे नमस्कारच केला, त्यात वाईट काय? पण कुणी 'नमस्कार' लिहिलं असतं तर मी 'नमस्कार' लिहिलंच असतं. 'रामराम' आला असता तर 'रामराम'. मग इथेच बोटं चित्राकडे का वळली?

आधी त्या चित्राचं सांगते. जपानी फोनवरच्या छोट्या चित्रांतून ते आलं आणि २०१० साली युनिकोडमध्ये गेलं. तिथे त्याचं नाव आहे नुसतं 'हात जोडलेली व्यक्ती'. कुणापुढे, कशासाठी, काही नाही. प्रार्थना, आभार, माफी, 'बाबा रे, पुरे कर', सगळ्याला चालतं. आणि काहीच बोलायचं नसेल तेव्हा तर उत्तमच चालतं.

'नमस्कार' हा शब्द आपण इतका वापरतो की त्याला काही इतिहास असेल असं वाटतच नाही. 'नम्' म्हणजे वाकणं, त्यावरून 'नमः', आणि ते करणं म्हणजे नमस्कार. साष्टांग म्हणजे दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, छाती आणि कपाळ जमिनीला टेकवून केलेला. काही ठिकाणी या आठांत दृष्टी, वाणी आणि मनही मोजतात. शाळेत एवढंच कळतं. न सांगितलेली गोष्ट ही की वाकणं एकाचं असतं, पण नमस्कार दोघांचा असतो. समोरच्याने उत्तर काय द्यायचं, याचे नियम वाकण्याच्या नियमांपेक्षा जास्त कडक होते.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात भेटल्यावर काय विचारायचं ते सांगितलंय. ब्राह्मणाला 'कुशल' विचारावं, क्षत्रियाला 'अनामय', वैश्याला 'क्षेम' आणि शूद्राला 'आरोग्य'. चारही शब्दांचा अर्थ ढोबळमानाने एकच, बरं आहे ना? पण शब्द ऐकताच शेजारून जाणाऱ्याला कळावं की समोरचा कोण आहे. आपल्या जुन्या पत्रांतलं 'क्षेमकुशल' आठवा. त्या जोडशब्दात वैश्य आणि ब्राह्मण एकत्र नांदतात, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. शब्दांचं हे मला आवडतं, ते आपली मूळ कागदपत्रं हरवून बसतात.

याहून बारीक नियम पाणिनीकडे सापडतो. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात एक सूत्र आहे: नमस्काराला उत्तर देताना वाक्याचा शेवटचा स्वर लांबवायचा, तीन मात्रांचा करायचा. याला प्लुत म्हणतात. देवदत्त नावाच्या माणसाने वंदन केलं तर आशीर्वाद देताना 'देवदत्ता'तला शेवटचा 'अ' ओढून म्हणायचा. सूत्रातच अपवाद आहे. समोरचा शूद्र असेल तर स्वर लांबवायचा नाही. पुढे कात्यायनाने त्यात भर घातली, स्त्रियांसाठीही नाही. म्हणजे फरक शब्दाचाही नाही, एका स्वराच्या लांबीचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. मग लक्षात आलं की जुन्या शास्त्र्यांच्या हिशेबात आमचं पाटलाचं घर शूद्रातच मोडणार, आणि मी वर बाई. माझ्या नमस्काराच्या उत्तरातून तो स्वर दोनदा कापला गेला असता.

हे सगळं हजारो वर्षांपूर्वीचं, पोथीतलं, असं म्हणून सोडता आलं असतं. पण पेशवाईतल्या पत्रांचे मायने पाहा. पेशवा मराठा सरदाराला लिहितो तेव्हा 'आशीर्वाद'. सरदार पेशव्याला लिहितो तेव्हा 'दंडवत'. मराठा मराठ्याला 'रामराम'. ब्राह्मण ब्राह्मणाला 'साष्टांग नमस्कार'. सरदाराच्या हाताखाली हजारो घोडेस्वार असोत, पत्राच्या पहिल्या ओळीत तो कुठे उभा आहे ते आधीच ठरलेलं. शाळेत आपण 'सा. न. वि. वि.' घोकलं ते याच मायन्यांचं शेवटचं टोक. आम्हाला बाईंनी सांगितलं होतं की ही पत्रलेखनाची पद्धत आहे, पाच मार्कांना येते.

आणि हे नुसतं वळण नव्हतं, त्यावर हुकूम निघत. नारायणराव पेशव्याच्या अल्प कारकिर्दीत, १७७२-७३ च्या सुमारास, कायस्थ प्रभूंकडून एक करारनामा लिहून घेतला गेला. वेदमंत्र म्हणणार नाही, वैदिक कर्मं करणार नाही, अशा कलमांच्या रांगेत एक कलम नमस्काराचंही होतं: ब्राह्मणांना 'दंडवत' म्हणायचं, आणि आपसांतही 'दंडवत'च. आपसांतही! दोन प्रभू आपल्या ओसरीवर भेटले तर काय म्हणतील, याची काळजी पुण्यातल्या दरबाराला होती. अशा जातीय खटल्यांना तेव्हा 'ग्रामण्य' म्हणत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी या ग्रामण्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९१९ साली आलं.

सोनारांची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. ते स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, धोतराचा सोगा ब्राह्मणांसारखा घेऊ लागले आणि भेटल्यावर 'नमस्कार' म्हणू लागले. पेशव्यांच्या राज्यात हे बंद पाडण्यात आलं. पण मुंबईतले सोनार पेशव्यांच्या हद्दीबाहेर, ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात. तर तिथेही व्यवस्था झाली. ऑगस्ट १७७९ मध्ये कंपनीच्या मुंबई कौन्सिलने सोनारांच्या प्रमुखाला लेखी हुकूम पाठवला की तुमच्या जातीने 'नमस्कार' हा शब्द वापरू नये. आता हे साल लक्षात घ्या. त्याच वर्षी जानेवारीत वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला शरण आणलं होतं. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालूच होतं. तोफा एकमेकांवर रोखलेल्या असताना सोनारांनी काय म्हणू नये यावर मात्र दोन्हीकडे एकमत होतं.

ज्यांना 'दंडवत' लादलं गेलं त्यांना तो शब्द अपमानाचा वाटला. पण तोच शब्द त्याआधी पाचशे वर्षांपासून महानुभाव अभिमानाने वापरत होते, आजही दोन महानुभाव भेटले की 'दंडवत प्रणाम' म्हणतात, आणि त्यात कुणी खाली नसतं. वारीत तर वयाने मोठा माणूसही लहानाच्या पाया पडतो. एकमेकांच्या पाया पडणं हीच तिथली भेट. 'माउली' म्हटलं की आडनाव विचारायची गरज उरत नाही. निदान रस्त्यावर तरी. देवळाच्या दाराशी ही समता किती टिकत होती ते चोखोबाची समाधी सांगते, ती दाराबाहेर आहे. विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडायला मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

चोखोबाच्या अभंगांत एक शब्द येतो, 'जोहार'. एकनाथांनी महाराच्या तोंडी घातलेल्या भारुडांतही तो आहे. गावात महाराने वरच्या जातीच्या माणसाला करायचं वंदन म्हणजे जोहार. आणि तोच शब्द झारखंडचे, ओडिशाचे आदिवासी, आपल्याकडचे पालघरचे वारली अभिमानाने एकमेकांना म्हणतात. आंदोलनाच्या मोर्चात 'जोहार' ऐकला तर ती घोषणा असते. एकच शब्द, पण एका गावात तो मान खाली घालून म्हणायचा आणि दुसऱ्या गावात मूठ वर करून.

आमच्या गावातला कसा होता, ते मला तात्यांनी सांगितलं.

तात्या म्हणजे माझे आजोबा. जन्म १९३२ चा, माण तालुक्यातल्या एका कोरड्या गावात. घरात पाटीलकी. ते दहा वर्षांचे असताना रोज सकाळी एक म्हातारा येसकर वाड्यासमोर यायचा. वतनाची कामं त्याच्याकडे, सांगावा पोचवणं, सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे धावणं. उंबऱ्यापासून लांब थांबून, वाकून तो म्हणायचा, 'जोहार, मायबाप.' दारात कुणी मोठं नसेल तर तात्यांना म्हणायचा. साठीचा माणूस दहा वर्षांच्या पोराला मायबाप म्हणतोय.

'मग तुम्ही काय म्हणायचात?' मी विचारलं होतं.

'काय म्हणायचं असतं? काहीच नाही,' तात्या म्हणाले. 'आम्ही म्हणायचो, काय रे?'

पाणिनीचं सूत्र मी नंतर वाचलं, तेव्हा हे 'काय रे' कानात वाजलं. तिथे निदान उत्तर होतं, फक्त एक स्वर आखूड. इथे उत्तराची जागाच रिकामी.

त्या म्हाताऱ्याचा मुलगा मुंबईला गिरणीत लागला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. पुढच्या वर्षी दिवाळीत तो गावी आला. अंगात पांढरा सदरा, पायात बूट. पारावर चार-पाच जण बसले होते, त्यांत पंचवीस वर्षांचे तात्याही. तो थांबला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, 'जय भीम, तात्या.'

हा शब्दही आकाशातून पडलेला नव्हता. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी १९३५ च्या सुमारास तो रूढ केला. त्यांचा विचार साधा होता. मुसलमान एकमेकांना सलाम करतात आणि त्याला उत्तरही मिळतं; आपल्या माणसांना भेटल्यावर म्हणायला असा एक शब्द हवा. म्हणून 'जय भीम', आणि उत्तर 'बल भीम'. पुढे दोन्हीकडून 'जय भीम' झालं. हरदास १९३७ साली मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ मध्ये, ऐन पस्तिशीत गेले. त्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक. त्यांचा शब्द मात्र २०२१ साली एका तमिळ सिनेमाचं नाव झाला. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती उत्तराची. जोहाराला उत्तर नव्हतं. जय भीम जन्मला तोच उत्तरासकट, बरोबरीच्या दोघांसाठी.

पण पारावर त्या दिवशी काय झालं? तात्या म्हणाले, सगळे गप्प झाले. एकाने तपकिरीची डबी काढली. मुलगा तात्यांकडेच बघत होता, कारण लहानपणी ते दोघं एकाच ओढ्यात डुंबलेले, वरच्या आणि खालच्या अंगाला का होईना. तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, 'कधी आलास?'

'काल,' तो म्हणाला आणि निघून गेला.

पुढे १९५८ च्या कायद्याने वतनं रद्द झाली, म्हातारा येसकर त्याआधीच वारला होता. मुलगा परत गावात फारसा दिसला नाही. तात्या मात्र नव्वदीला टेकल्यावर, दुपारी झोप येत नसे तेव्हा, हीच गोष्ट सांगायचे. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, 'रामराम तरी म्हणायचं होतं मी.' एकदा मी म्हटलं, 'तात्या, जय भीमच म्हणायचं होतं.' ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'जमलं नसतं गं. जीभ वळली नसती.'

मला त्यांचा तेव्हा राग आला होता. आता तेवढा येत नाही, कारण त्यांची जीभ वळली नाही तशी माझी बोटंही वळली नाहीत. त्यांच्या समोर निदान अख्खा पार बसला होता. माझ्या समोर पाच इंचांचा पडदा होता. 'कधी आलास' आणि जोडलेले हात, दोन्ही सभ्य. कुणी तक्रार करू शकणार नाही असे.

मराठीत या शब्दांचं पुढे काय झालं तेही मजेशीर आहे. नोकरीला आपण रामराम ठोकतो. त्रास देणाऱ्या माणसाला कोपरापासून नमस्कार करतो. भेटीचे शब्द वापरून आपण टाळण्याचे वाक्प्रचार बनवले. त्यात जोडलेल्या हातांची भर पडलीय इतकंच.

परवा १४ एप्रिलला त्या सहकाऱ्याने पुन्हा ग्रुपवर लिहिलं, 'जय भीम.' मी चित्रांचा रकाना उघडला, मग बंद केला. टाइप केलं, 'जय भीम', आणि पाठवून फोन उलटा ठेवला. काकांचा मुलगाही आमच्याच कंपनीत आहे, त्याचा खासगी मेसेज आला, 'तू कधीपासून?' त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

ग्रुपवर मात्र सहकाऱ्याचं उत्तर आलं होतं. पाटील आडनाव बघून असेल, नाहीतर गंमत म्हणून असेल, त्याने लिहिलं होतं, 'रामराम, मॅडम.' आणि पुढे एक हसरा चेहरा.