मॉरिशसचा पश्चिम किनारा : हॉटेलाच्या कुंपणापलीकडचे उत्सव

मॉरिशस म्हटले की निळेशार पाणी, पांढरी वाळू आणि नवविवाहित जोडप्यांची छायाचित्रे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांनी हे चित्र इतके पक्के करून टाकले आहे की, आठवडाभराचा मुक्काम करून परतणाऱ्या अनेक मराठी पर्यटकांना आपल्या हॉटेलापासून मोटारीने काही मिनिटांच्या अंतरावर गणपतीची आरती मराठीत म्हणणारे एक गाव आहे, याचा पत्ताही लागत नाही. या बेटाचा पश्चिम किनारा त्या दृष्टीने विशेष पाहण्याजोगा आहे. फ्लिक-आँ-फ्लाकपासून निघून वोलमार, तामारिन, रिव्हियेर न्वार (म्हणजेच ब्लॅक रिव्हर), ला प्रेनूज अशी ठिकाणे ओलांडत ल मॉर्नच्या डोंगरापर्यंत जाणारा हा रस्ता जेमतेम तासाभराचा. मात्र तेवढ्या अंतरात खेळ, नृत्य, यात्रा आणि इतिहास यांची जेवढी गर्दी आहे, तेवढी बेटावर अन्यत्र क्वचितच आढळेल.

हा किनारा पर्यटकांना प्रिय होण्यास भूगोल कारणीभूत आहे. वर्षातील बराच काळ येथे आग्नेयेकडून वारे वाहतात. मधले पठार आणि डोंगर त्यांना अडवतात, पाऊस तिकडेच पडतो आणि पश्चिमेला कोरडी हवा व शांत समुद्र लाभतो. किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाची भिंत असल्याने आतले पाणी तळ्यासारखे संथ असते. हॉटेलांची रांग इथे उभी राहिली ती या शांततेच्या भरवशावर.

सेगा : रंगमंचावरचा आणि वाळूवरचा

येथील प्रत्येक मोठ्या हॉटेलात आठवड्यातून एकदा तरी ‘सेगा रात्र’ असते. घोळदार फुलाफुलांचे घागरे, विजेवर चालणारी वाद्ये, जेवणाच्या दोन पदार्थांमध्ये बसवलेला तासभराचा कार्यक्रम आणि शेवटी पाहुण्यांना हाताला धरून नाचात ओढणे, असा त्याचा ठरलेला क्रम. करमणूक म्हणून त्यात वाईट काही नाही. पण सेगा म्हणजे एवढेच, असा समज करून घेऊन परत येणे हे लावणीची ओळख एखाद्या लग्नाच्या वरातीतून करून घेण्यासारखे आहे.

सेगा जन्मला तो आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या वस्तीत. दिवसभराच्या राबणुकीनंतर रात्री शेकोटीभोवती तो चाले. रावान हे बकऱ्याचे कातडे ताणून बसवलेले मोठे डफासारखे वाद्य त्याचा प्राण. वाजवण्यापूर्वी ते आगीवर शेकावे लागते. कातडे सैल पडले की पुन्हा आगीपाशी. मारावान ही उसाच्या दांड्यांची चपटी पेटी, आत बिया भरलेली. ती हलवली की सळसळ उठते. तिसरा लोखंडी त्रिकोण. नाचताना पाय जमिनीवरून उचलायचे नाहीत, घसटत न्यायचे. स्त्री आणि पुरुष एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण स्पर्श करीत नाहीत. वसाहतवाल्यांनी आणि धर्मोपदेशकांनी या नाचाला बराच काळ असभ्य ठरवले होते. १९६४ मध्ये ल मॉर्नच्या पायथ्याशी ‘सेगाची रात्र’ भरली आणि ति फ्रेर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृद्ध गायकाला तेथे ‘सेगाचा राजा’ म्हणून गौरवण्यात आले, तेव्हापासून त्याला प्रतिष्ठा मिळू लागली. २०१४ मध्ये युनेस्कोने पारंपरिक मॉरिशियन सेगाचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

या गाण्याची धार मात्र पूर्वीपासूनची आहे. सेगा आणि रेगे यांच्या मिश्रणातून ‘सेगे’ घडवणारा गायक काया याचा फेब्रुवारी १९९९ मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि सारे बेट दंगलींनी हादरले. हॉटेलातल्या कार्यक्रमात हा इतिहास कोणी सांगत नाही.

मूळच्या सेगाच्या जवळ जायचे असेल तर रविवारी दुपारी फ्लिक-आँ-फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जावे. सुरूच्या झाडांखाली गावोगावहून कुटुंबे येतात, बऱ्याचदा सगळी आळी मिळून बस ठरवलेली असते. बिर्याणीची पातेली उघडतात, पोरे पाण्यात, म्हाताऱ्या सावलीत, आणि ऊन कलले की कोणीतरी रावान काढतो. तिकीट नाही, निवेदक नाही. बोलावले तर बसावे. न बोलावता छायाचित्रे टिपत फिरू नये.

कास्कावेलचा दीड दिवसाचा गणपती

फ्लिक-आँ-फ्लाकहून आत वळले की ऊसमळ्यांच्या कडेला कास्कावेल हे गाव लागते. बेटावरील मराठी वस्तीचे हे एक महत्त्वाचे ठिकाण. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ हे जहाज कराराने बांधलेले मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले आणि पुढल्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे भारतातून या बेटावर आली. बहुसंख्य बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील, बरेच तमिळ व तेलुगू मुलखातील. आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले लोक, त्यांत कोकणातले पुष्कळ. ज्या धक्क्यावर ते उतरत तो पोर्ट लुईचा ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. नोंदवहीत बापाचे किंवा आजाचे जे नाव लिहिले गेले तेच बहुधा पुढे आडनाव झाले. त्यामुळे येथील मराठी माणसाच्या आडनावावरून त्याचे गाव ओळखण्याचा आपला आवडता उद्योग चालत नाही.

गाव ओळखू येते ते नाचावरून. गणेशोत्सवात येथे ‘झाकरी’ नाचतात. रत्नागिरीकडील वाचकाला वेगळे सांगायला नको की ही आपली जाखडी. ढोलकी आणि गायक मध्ये, नाचणारे भोवती रिंगण धरून. कोकणातही ती गणपतीतच रंगते. घरातली बोली आता बहुतेकांची क्रिओल आहे, मराठी उरली ती शाळेतल्या ऐच्छिक विषयात, पूजेत आणि या गाण्यांत. लग्नकार्यातला गोंधळही असाच टिकून आहे. भाषा बोलण्यातून ओसरली तरी ताल पायांत राहतो, हे पाहायला मिळणे मराठी प्रवाशासाठी साध्या पर्यटनापेक्षा बरेच काही आहे.

गणेश चतुर्थीची मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुटी असते, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. पण सुटीचा दिवस नीट पाहिला तर एक गंमत लक्षात येते. ती चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या ऋषिपंचमीला येते. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि तेथील सुटी २८ तारखेला. कारण उघड आहे : सुटी विसर्जनाची. कोकणातल्या अनेक घरांचा दीड दिवसाचा गणपती समुद्रापार गेला आणि सरकारी दिनदर्शिकेत जाऊन बसला. त्या दिवशी डोक्यावर, पाटावर, सजवलेल्या मखरात मूर्ती घेऊन लोक फ्लिक-आँ-फ्लाकच्या वाळूवर उतरतात. एका बाजूला आरती, दुसऱ्या बाजूला आरामखुर्चीत पहुडलेला युरोपीय पाहुणा, आणि दोघांच्या मध्ये कसलीही भिंत नाही. (मोदक मागून घ्यावा, कोणी नाही म्हणत नाही.) ज्यांना या समाजाविषयी अधिक जाणून घ्यायचे असेल त्यांनी मोका येथील महाराष्ट्र भवनाकडे वाट वाकडी करावी, तेथे एप्रिल २०२३ मध्ये शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

डोंगर, वारा आणि लाटा

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला ल मॉर्न ब्राबाँ हा ५५६ मीटर उंचीचा बेसॉल्टचा सुळका समुद्रात घुसलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत आणि माथ्यावर आश्रय घेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपल्यानंतर ती बातमी सांगायला शिपाई वर चढले, पण आपल्याला पकडायलाच आले आहेत असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा मौखिक परंपरेने जपली आहे. २००८ मध्ये हा डोंगर जागतिक वारसा यादीत आला. पायथ्याशी २००९ मध्ये उभारलेले गुलाम-मार्ग स्मारक आहे आणि दरवर्षी १ फेब्रुवारीला तेथे स्मरणाचा सोहळा होतो. तो दिवसही राष्ट्रीय सुटीचा. डोंगर चढायचा तर पहाटे निघावे. शेवटचा टप्पा हातापायांनी चढावा लागतो आणि पावसानंतर तो धोक्याचा असतो.

याच डोंगराच्या पायथ्याशी खेळाडूंची जत्रा भरते. डोंगरांनी अडवलेला वारा या कोपऱ्याला वळसा घालून येतो, त्यामुळे मे ते ऑक्टोबर या दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यात पतंगाच्या ओढीने लाटांवर घसरण्याचा काइटसर्फिंगचा खेळ येथे जोरात असतो. नवशिक्यांसाठी प्रवाळभिंतीच्या आतले उथळ पाणी, तर ‘वन आय’ नावाची भिंतीबाहेरची लाट केवळ पारंगतांसाठी. तामारिनचे तंत्र निराळे. तेथे समुद्राला मिळणाऱ्या नदीच्या गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही, म्हणून भिंतीत खिंड राहिली आणि लाटा थेट उपसागरात शिरतात. १९७० च्या दशकात लाटांवरील खेळाच्या एका चित्रपटाने या उपसागराचे नाव जगभर नेले. हल्ली तामारिनला सकाळी गर्दी होते ती डॉल्फिन पाहणाऱ्या नावांची. विश्रांतीसाठी आत आलेल्या कळपाला दहा-दहा नावांनी घेरणे ही करमणूक नसून छळ आहे. अंतर राखणारा नावाडी निवडावा आणि त्याला तसे आधीच सांगावे.

रिव्हियेर न्वारपाशी समुद्राचा तळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो, म्हणून मार्लिनसारख्या मोठ्या माशांच्या गळाच्या शिकारीचे हे जुने केंद्र. नोव्हेंबर ते एप्रिल हा त्याचा मुख्य हंगाम. खर्चिक प्रकरण आहे. गोल्फप्रेमींसाठी तामारिन व बेल ओंब्र येथे मैदाने आहेत. ज्यांना पायीच भटकायचे आहे त्यांच्यासाठी १९९४ मध्ये घोषित झालेले ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान उत्तम. बेटावरील सर्वांत उंच शिखर, ८२८ मीटरचे, तेथेच आहे. कासेला हे पक्षी-प्राणी उद्यान मुलांना आवडेल. शामारेलची सात रंगांची माती पाहायला अर्धा तास पुरतो. पोर्ट लुईचे शाँ द मार्स हे घोड्यांच्या शर्यतींचे १८१२ पासूनचे मैदान दक्षिण गोलार्धातील सर्वांत जुने मानले जाते. १२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्याचा ध्वजही तेथेच फडकला.

तलावाची यात्रा

महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस सारे बेट पायी चालू लागते. पांढऱ्या वस्त्रांतील यात्रेकरूंचे जथे खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन डोंगरातील गंगा तलावाकडे, म्हणजे ग्राँ बासाँकडे निघतात. १९७२ मध्ये या तलावात गंगेचे पाणी मिसळण्यात आले आणि २००७ मध्ये काठावर १०८ फुटी शंकराची मूर्ती उभी राहिली. वाटेत घराघरांतून पाणी, फळे, चहा दिला जातो आणि देणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. पंढरीच्या वाटेची आठवण व्हावी असाच हा सोहळा. मात्र कावडींचा आकार वर्षागणिक वाढत गेला. मार्च २०२४ मध्ये अशा एका भव्य कावडीचा विजेच्या तारांना स्पर्श होऊन आग लागली व काही यात्रेकरू दगावले. तेव्हापासून उंचीवरील निर्बंधांची चर्चा अधिक गांभीर्याने होऊ लागली. तमिळ बांधवांची थैपुसम कावडी जानेवारी-फेब्रुवारीत, तर ९ सप्टेंबरला फादर लावाल यांच्या समाधीची यात्रा पोर्ट लुईजवळ भरते. तेथेही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद राहत नाही.

वाळू कोणाची?

या सगळ्याला जागा लागते आणि ती जागा आक्रसत चालली आहे. मॉरिशसच्या कायद्याप्रमाणे भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सर्वांसाठी खुली आहे. तिच्या मागची सुमारे ८१ मीटर रुंदीची ‘पा जेओमेत्रिक’ नावाची पट्टी सरकारी मालकीची असून तीच भाडेपट्ट्याने हॉटेलांना व बंगल्यांना दिली जाते. वाळू खुली, पण तिच्यापर्यंतची वाट कुंपणात, असा प्रकार त्यामुळे अनेक ठिकाणी झाला आहे. दक्षिणेकडील पोम्पोनेत हा सार्वजनिक किनारा हॉटेलसाठी देण्याचे घाटले तेव्हा ‘आमचे किनारे चोरणे थांबवा’ अशा अर्थाचे क्रिओल नाव घेऊन नागरिक उभे राहिले. हॉटेलांवर हजारोंचा रोजगार अवलंबून आहे हे खरेच. पण विसर्जन, रविवारचा सेगा आणि कोळ्यांच्या होड्या हॉटेलाच्या हिरवळीवर होऊ शकत नाहीत. हॉटेलाच्या आवारातून वाळूवर उतरल्यावर थोडे चालत सार्वजनिक भागाकडे गेले, तर हा प्रश्न आपोआप दिसतो.

जाणाऱ्यांनी सुट्यांची यादी आधी पाहूनच तिकीट काढावे. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ असल्याने थैपुसम व महाशिवरात्रीसाठी जाणाऱ्यांनी एक-दोन दिवस हाताशी ठेवावेत. गणेशोत्सव हिवाळ्याच्या अखेरीस येतो. हवा सुखद, पाणी थोडे गार. भारतापेक्षा तेथील घड्याळ दीड तास मागे असते. सायंकाळनंतर बसगाड्या विरळ होतात, तेव्हा कास्कावेलला जाताना परतीची टॅक्सी ठरवून ठेवावी. विसर्जनाच्या दिवशी फ्लिक-आँ-फ्लाकचा रस्ता गर्दीने भरून जातो. त्या दिवशीचे परतीचे विमान धरू नये.