लाकडावरचे लाकूड

सुतारकाम हा ज्या घरांचा पिढीजात व्यवसाय, त्या आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत रंगाऱ्याच्या कलेची चर्चा व्हावी, हे काही ज्ञातिबांधवांस नवलाचे वाटेल. परंतु सुताराने घडविलेल्या दारावर अखेरचा हात फिरतो तो रंगाऱ्याचाच. त्या हाताने कधी लाकडाची शोभा वाढविली, तर कधी ती झाकून टाकली. हा इतिहास आपणांस ठाऊक असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नाशिक हे लाकडी वाड्यांचे गाव. सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा किंवा चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहिला, की लाकूड हेच या वास्तूंचे वैभव होते हे पटते. पेठ-सुरगाण्याची राने जवळ असल्याने साग या जिल्ह्यास परका नव्हता.

जेथे उत्तम लाकूड महाग, तेथे त्याच्या नकलेची कला वाढीस लागते. इंग्लंडात स्वस्त पाइनच्या दारावर ओकच्या रेषा रंगाने काढीत. थॉमस केर्शॉ नामक कारागिरास १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात याच कामाबद्दल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही माउंट व्हर्नन येथील आपल्या घराच्या मधल्या दालनातील पाइनच्या फळ्यांस १७९७ मध्ये महोगनीचे रूप देवविले होते.

या कामाची रीत ऐकण्यास सोपी, करण्यास कठीण. लाकडाच्या गाठी लाखेने बंद करून अस्तराचा हात द्यावयाचा. त्यावर फिकट पिवळसर तेलरंग देऊन, तो वाळल्यावर काचकागदाने गुळगुळीत करावयाचा. मग जवसाचे तेल व टर्पेंटाइन यांत कालविलेला तपकिरी रंग पातळ लावून, तो ओला असतानाच फणीने व बोटावर गुंडाळलेल्या चिंधीने त्यात रेषा काढावयाच्या. कोरड्या मऊ कुंचल्याने त्या सौम्य करून वर वार्निश द्यावयाचे. येथे रंगाऱ्यास सुताराची दृष्टी हवी : उभ्या पट्टीच्या रेषा उभ्या, आडवीच्या आडव्या, आणि सांध्यापाशी दोन्ही तुटलेल्या. सांधा ओलांडून रेषा गेली, की नक्कल उघडी पडलीच!

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशाच्या सागाची वाट अडली. त्याच वर्षी मुंबईत एशियन पेंट्सचा उद्योग सुरू झाला. पुढे प्लायवुड आले, आणि आज घरोघरी ज्यास ‘सनमायका’ म्हणतात ते पत्रे आले. त्यांवरील सागाच्या रेषा कागदावर छापलेल्या असतात. फणी धरणाऱ्या हाताचे काम आता छापखाना करतो.

ही कला लबाडीची काय? आमच्या मते, गिऱ्हाइकास साग म्हणून पाइन विकणे ही लबाडी. परंतु साधे लाकूड आहे असे सांगून त्यास रूप देणे ही कारागिरीच होय. मात्र रंगाने वाळवी हटत नाही. ते सामर्थ्य सागाच्या अंगच्या द्रव्यांतच असते.

आज जुने वाडे उतरविले जात आहेत. तेलरंगाच्या पुटांखाली आपल्या पूर्वजांनी घडविलेला साग दडलेला असू शकतो, आणि तो भंगाराच्या भावाने जातो. म्हणून दार विकण्यापूर्वी जाणत्या सुतारास दाखवावे. तसेच, जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांत ते दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. यास्तव जुना रंग कोरडा खरवडू अगर जाळू नये. तो पाण्याने ओला करूनच काढावा व लहान मुलांस दूर ठेवावे.

आणि एखाद्या दारावर फणीने काढलेल्या रेषा आढळल्या, तर ते दार तसेच राखावे. खाली घडविणाऱ्याचा हात आहे, वर रंगविणाऱ्याचा. दोहोंचाही मान राखणे हे आपले कर्तव्य होय.