शिवरामपंतांची कल्पनासृष्टि

महाडहून सावित्रीच्या कांठानें वर गेलें म्हणजे पोलादपूर लागतें. तेथें ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद यांची समाधि आहे; आणि खालीं महाडास २७ जून १८६४ रोजीं ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म झाला. दोघेही संस्कृताचे पंडित, आणि दोघांनींही इतिहासास कल्पनेचा पेहराव चढविला. मात्र या दोन पेहरावांत जो फरक आहे, त्यांत सव्वादोनशें वर्षांचें स्थित्यंतर सांठलेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

परमानंदानें आपलें काव्य काशीच्या पंडितांस सांगितल्याची योजना केली आहे. त्यांत शिवाजीमहाराज विष्णूचे अवतार आहेत, आणि अफझलखानाच्या प्रसंगीं प्रत्यक्ष भवानी त्यांस दर्शन देते. येथें अद्भुताचें काम गौरवाचें. राजा स्वतंत्र होता. मनांतलें उघड बोलण्यास कवीस आडकाठी नव्हती.

शिवरामपंतांची स्थिति निराळी. १८९७ सालीं टिळकांस राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली, १८९८ त राजद्रोहाच्या कलमाची व्याप्ति वाढविण्यांत आली, आणि त्याच वर्षीं पुण्यास ‘काळ’ निघाला. तेव्हां पुराणांतील प्रसंग, रूपकें व कल्पित गोष्टी यांचा आश्रय त्यांनीं केला, तो केवळ हौसेनें नव्हे. हरिभाऊ आपटेही १८६४ सालचेच. १८९० त ‘करमणूक’ काढून त्यांनीं स्फुट गोष्टींतून मध्यमवर्गाचें माजघर जसेंच्या तसें दाखविलें. शिवरामपंतांनीं उलट वाट धरली: जें आहे तें सांगण्यासाठीं जें नाहीं तें रचलें.

या वाटेंतील मर्म समजून घेण्यासारखें आहे. देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश करण्यासाठीं सरकारनें एक स्वतंत्र कचेरीच ठेविली होती. परंतु वक्रोक्तीचा अर्थ शब्दांत नसतो, तो स्वरांत असतो. भाषांतर झालें कीं स्तुति ही स्तुतीच उरते, आणि तिच्या पोटांतली निंदा मराठी वाचकाजवळच राहते. पंतांच्या कल्पनेस असें दोन श्रोते होते. एकास कथा ऐकूं जाई, दुसऱ्यास व्यथा. अर्थात् ही ढाल अभेद्य नव्हती. १९०८ सालीं त्यांस १९ महिन्यांची शिक्षा झाली, आणि ‘काळां’तील निवडक निबंधांचे संग्रहही पुढें सरकारनें जप्त केले.

आतां ती भीति उरली नाहीं. मग या लेखनाचें काय उरलें? आम्ही पक्षपात करणार नाहीं. बाणाच्या ‘कादंबरी’वर संगीत नाटक रचणाऱ्या या लेखकास अलंकारांचा मोह आवरत नाहीं, उपमेवर उपमा चढते व वाक्याचा शेवट दूर राहतो. त्यांच्या कल्पित पात्रांस स्वतःचा आवाज थोडा. बहुतेक सारीं शिवरामपंतांच्याच वाणीनें बोलतात. मनुष्यस्वभावाचे बारकावे शोधणाऱ्यानें हरिभाऊंकडेच जावें.

तरीही एक गुण असा आहे कीं, तो काळाबरोबर गेला नाहीं. पंत वाचकास अडाणी समजत नाहींत. अर्धा अर्थ ते लिहितात. उरलेला अर्धा वाचकानें स्वतः पुरवावा, असा त्यांचा विश्वास असतो. त्यामुळें वाचक नुसता श्रोता राहत नाहीं, तो त्या धाडसांत भागीदार होतो. अद्भुतकथा ही वास्तवापासून पळण्याची खिडकी, असें म्हणणारांनीं हे निबंध अवश्य पाहावे. येथें खिडकी उघडते ती नेमकी आपल्याच अंगणाकडे.

१९२९ सालीं बेळगांवच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद भूषवून त्याच वर्षीं शिवरामपंत दिवंगत झाले. त्यांचे खंड घरांतील कपाटांत असल्यास ते खालीं काढावे, आणि एखादा निबंध मुलांबाळांत बसून मोठ्यानें वाचावा. जो स्वर भाषांतरकारास सांपडला नाहीं, तो अशा वाचनांतच कानीं येतो.