गाडीची पुढची काच आणि विम्यातील वजावट : एका लहान सवलतीचा इतिहास

प्रस्तावना

विम्याचा इतिहास म्हटला की जहाजे, आगी, मोठे अपघात आपल्या डोळ्यांसमोर येतात. या पाठात आपण त्याहून पुष्कळ लहान गोष्ट पाहणार आहोत. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडतो आणि मागच्या मोटारीच्या पुढच्या काचेला तडा जातो. काच बदलायला लागते. हा खर्च कोणी करायचा?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहून ठेवले आहे : गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल, तर पुढच्या काचेच्या नुकसानीला वजावट लागू होणार नाही. म्हणजे काचेचा खर्च विमा कंपनी देईल, विमाधारकाच्या खिशातून काही जाणार नाही. वाचायला हा नियम साधा वाटतो. पण त्याच्या मागे अडीच शतकांचा इतिहास आहे आणि त्याच्या पुढे हजारो खटले आहेत. हा इतिहास समजून घेताना एक प्रश्न मनात धरून ठेवा : एखादी वस्तू घेणाऱ्याला फुकट मिळू लागली, की तिच्या किमतीकडे लक्ष कोण ठेवतो?

१. वजावट कुठून आली?

वजावट म्हणजे नुकसानीचा पहिला ठरावीक भाग विमाधारकाने स्वतः सोसायचा. मोटारीच्या विम्यात याला सर्रास ‘डिडक्टिबल’ म्हणतात. ही कल्पना मोटारींपेक्षा फार जुनी आहे.

लंडनच्या लॉइड्समधील सागरी विमा पॉलिसीत १७४९ साली एक टीप जोडली गेली. धान्य, मासे, मीठ, फळे, पीठ, बियाणे असा वाटेत हमखास थोडाफार खराब होणारा माल अंशतः खराब झाला, तर काही अपवाद सोडता भरपाई मिळणार नाही, असे तीत होते. साखर, तंबाखू, ताग-अंबाडीसारखे धागे, कातडी यांचे नुकसान पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल, आणि इतर मालाचे व जहाजाचे तीन टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर तेही मालकाने सोसायचे.

इथे एक फरक लक्षात घ्या. या टिपेनुसार नुकसान मर्यादेच्या वर गेले की पूर्ण रक्कम मिळे. आजच्या वजावटीत मात्र ठरलेली रक्कम प्रत्येक दाव्यातून कापली जाते. तरी दोन्हींमागचा विचार एकच आहे. पहिला विचार खर्चाचा : दहा रुपयांच्या नुकसानीची तपासणी करायला वीस रुपये लागत असतील, तर तो दावा सर्वांनाच महाग पडतो. दुसरा विचार वागणुकीचा : थोडी झळ आपल्यालाही लागणार असेल, तर माणूस मालाची काळजी घेतो. या दुसऱ्या मुद्द्याला अर्थशास्त्रात ‘नैतिक जोखीम’ म्हणतात. केनेथ ॲरो यांच्या १९६३ च्या वैद्यकीय सेवेवरील प्रसिद्ध निबंधानंतर ही संज्ञा अर्थशास्त्राच्या वर्गात रुळली.

मोटारीचा विमा आला तेव्हा वजावटही त्यात आली. अपघाताच्या मोठ्या दुरुस्तीसाठी ती सोयीची होती. काचेच्या बाबतीत मात्र तिने एक विचित्र परिस्थिती निर्माण केली. समजा, पॉलिसीत वजावट ५०० डॉलर आहे आणि काच बदलायला ४०० डॉलर लागतात. अशा वेळी विमाधारक हप्ता तर भरतो, पण काचेसाठी त्याला एक पैही मिळत नाही. कागदावर काचेचा विमा असतो आणि व्यवहारात नसतो.

२. काच सुरक्षित झाली आणि दिरंगाई शक्य झाली

आता काचेकडे वळू. सुरुवातीच्या मोटारींची पुढची काच घराच्या खिडकीसारखीच असे. धडक बसली की तिचे सुऱ्यासारखे तुकडे होत आणि बसलेल्यांचे चेहरे व गळे कापले जात.

फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांना १९०३ च्या सुमारास प्रयोगशाळेत एक गोष्ट आढळली. काचेचे एक भांडे खाली पडले, त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. भांड्यात पूर्वी असलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर आतून सुकून राहिला होता आणि त्याने काच धरून ठेवली होती. १९०९ मध्ये त्यांनी दोन काचांमध्ये असा थर घालण्याचे पेटंट घेतले. हीच लॅमिनेटेड काच. पहिल्या महायुद्धात गॅस मास्कच्या डोळ्यांसाठी ती वापरली गेली आणि १९२० च्या दशकात फोर्डसारख्या कंपन्यांनी ती मोटारीत आणली. सेल्युलोजचा थर काही वर्षांनी पिवळा पडत असे. १९३० च्या दशकात त्याची जागा पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या पारदर्शक आणि चिवट प्लास्टिकने घेतली. १९६६ च्या सुमारास अमेरिकी गाड्यांत हा थर दुप्पट जाड करण्यात आला. डोके काचेवर आपटले तरी ते आरपार जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने मोटार सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा केला आणि काच ही केवळ वारा अडवणारी वस्तू राहिली नाही. ती चौकटीला नीट चिकटलेली असली पाहिजे, असे मानक आले. पुढे प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग आली. ती फुगताना अनेक गाड्यांत काचेचाच आधार घेते. गाडी उलटली तर छत दबू नये यासाठीही काच हातभार लावते.

या प्रगतीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. जुनी काच फुटली की गाडी जागेवर थांबत असे. लॅमिनेटेड काचेला तडा गेला तरी ती जागेवर राहते आणि गाडी चालवता येते. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणणे शक्य झाले. तडा वाढत जातो, समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यात फुटून डोळ्यांवर येतो आणि काचेचा आधार कमी होतो. ५०० डॉलरची वजावट समोर असलेला माणूस ही दिरंगाई करणार, हे उघड आहे.

३. राज्यांनी काढलेला मार्ग

अमेरिकेत १९४५ च्या मॅकॅरन–फर्ग्युसन कायद्यामुळे विम्याचे नियमन मुख्यतः राज्यांकडे आहे. त्यामुळे एकाच खड्याने फुटलेल्या काचेला पन्नास राज्यांत वेगवेगळे नियम लागू होतात. ढोबळमानाने तीन गट पडतात.

पहिल्या गटात फ्लोरिडा, केंटकी आणि साउथ कॅरोलिना ही राज्ये येतात. इथे सर्वसमावेशक विमा घेतला की काचेवर वजावट नाही, असे कायदाच सांगतो. फ्लोरिडाचा नियम फक्त पुढच्या काचेपुरता आहे. केंटकीचा अधिक व्यापक आहे. त्यात दारा-खिडक्यांच्या काचा आणि दिव्यांची आवरणेही येतात. दुसऱ्या गटात ॲरिझोना, मिनेसोटा यांसारखी राज्ये आहेत. तिथे कंपनीने वजावटीविना काचेचा पर्याय देऊ करणे बंधनकारक आहे, पण तो घ्यायचा की नाही हे ग्राहक ठरवतो. उरलेल्या बहुतेक राज्यांत हा कंपनी आणि ग्राहक यांच्यातील कराराचा प्रश्न आहे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून कायद्यातील शब्द काळजीपूर्वक वाचा. केंटकीचा कायदा काचेला ‘सुरक्षा उपकरण’ म्हणतो. साउथ कॅरोलिनाचा ‘सुरक्षा काच’ म्हणतो. या शब्दांवरून कायदा करणाऱ्यांचा दृष्टिकोन कळतो. बंपरवरचा ओरखडा मालकाने सोसला तर इतरांचे काही बिघडत नाही. तडा गेलेली काच मात्र समोरून येणाऱ्यालाही धोक्यात घालते. म्हणून तेवढ्यापुरती वजावट काढून टाकावी, असा हा विचार आहे. अर्थात, ‘फुकट’ हा शब्द इथे जपून वापरला पाहिजे. काचेचा खर्च नाहीसा होत नाही, तो सर्व विमाधारकांच्या हप्त्यात वाटला जातो.

४. फुकट काचेचा बाजार

फ्लोरिडाच्या नियमाने आपले काम केले. पण त्याच्या शेजारी दोन जुने नियम उभे होते आणि तिघांच्या संगमातून वेगळेच काही घडले.

एक नियम अभिहस्तांकनाचा. विमाधारक आपल्या दाव्याचा हक्क सही करून दुसऱ्याच्या, उदाहरणार्थ काच बसवणाऱ्या दुकानाच्या, नावे करून देऊ शकत असे. दुसरा नियम वकिलाच्या फीचा. विमाधारक किंवा ज्याला हक्क दिला तो खटला जिंकला, तर त्याच्या वकिलाची फी विमा कंपनीने द्यायची. कंपनी जिंकली तर तिला मात्र तशी फी मिळत नसे. एकटा नागरिक मोठ्या कंपनीशी लढू शकावा, हा या नियमाचा मूळ हेतू होता.

व्यवहार कसा चाले ते पाहा. गाडी धुण्याच्या ठिकाणी किंवा वाहनतळावर एक विक्रेता येतो, काचेवरची बारीकशी खूण दाखवतो आणि म्हणतो, “नवीन काच फुकट बसवून देतो, वर गिफ्ट कार्डही देतो. फक्त इथे सही करा.” ग्राहकाला खर्च नाही, म्हणून तो दर विचारत नाही. दुकान विमा कंपनीकडे मोठे बिल पाठवते. कंपनी तिला वाजवी वाटेल तेवढीच रक्कम देते. उरलेल्या शे-दोनशे डॉलरसाठी दुकान, मिळालेल्या हक्काच्या आधारे, खटला भरते. वादातील रकमेपेक्षा वकिलाची फी कितीतरी अधिक होऊ शकते. त्यामुळे कंपनीला लढण्यापेक्षा तडजोड स्वस्त पडते, आणि दुकानाला पुढचा खटला भरायला उत्तेजन मिळते. २०१० च्या दशकात असे दावे वर्षाला शेकड्यांवरून अनेक हजारांवर गेले.

यात खोटेपणा असतोच असे नाही. अनेक दुकाने प्रामाणिक होती आणि काही कंपन्या खरोखरच कमी पैसे देत, अशी दुकानदारांची तक्रार होती. पण व्यवस्थेची रचना पाहा. सागरी विम्यातील नैतिक जोखीम मालाच्या मालकाची होती. इथे गाडीचा मालक तर निष्काळजी नाही, खडा कोणी मुद्दाम उडवत नाही. जोखीम सरकली ती दुरुस्ती करणाऱ्याकडे आणि वकिलाकडे. किमतीवर नजर ठेवणारा ग्राहक बाजूला झाला आणि ती जागा न्यायालयाने भरून काढली.

५. २०२३ ची दुरुस्ती

राज्याने २०१९ मध्ये घरांच्या विम्यातील अभिहस्तांकनावर निर्बंध आणले, पण मोटारीच्या काचा त्यातून सुटल्या. मार्च २०२३ मध्ये दाव्यांसंबंधीच्या मोठ्या कायद्याने वकिलाच्या फीचा एकतर्फी नियम रद्द झाला. मे २०२३ मध्ये काचेसाठी वेगळा कायदा आला. काचेच्या दाव्याचे अभिहस्तांकन बंद झाले. दावा करावा म्हणून ग्राहकाला रोख रक्कम, गिफ्ट कार्ड किंवा तत्सम आमिष देण्यास दुकानांना मनाई झाली. काचेमागे बसवलेला चालक-साहाय्याचा कॅमेरा पुन्हा जुळवावा लागणार असेल, तर ते ग्राहकाला लेखी कळवणेही आवश्यक झाले.

महत्त्वाचे म्हणजे वजावट परत आणली गेली नाही. सुरक्षेसाठी दिलेली सवलत कायम राहिली, तिच्याभोवतीची कमाईची वाट तेवढी बंद केली गेली.

६. भारतातील काच

आपल्याकडे फ्लोरिडासारखा कायदा नाही. पण आपल्या व्यवस्थेतही काचेला वेगळी वागणूक आहे. दुरुस्तीच्या वेळी रबर, प्लास्टिक, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के आणि फायबरग्लासवर ३० टक्के घसारा कापला जातो. काचेवर घसारा शून्य आहे. म्हणजे गाडी आठ वर्षांची असली तरी नव्या काचेची किंमत धरली जाते. सक्तीची वजावट मात्र लागते : १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये.

खरा खर्च दुसरीकडे लपलेला असतो, तो नो क्लेम बोनसमध्ये. दावा न केल्यास ही सवलत २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढते, आणि एक दावा केला की सामान्यतः शून्यावर येते. एक काल्पनिक उदाहरण घ्या. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता सवलतीपूर्वी १०,००० रुपये आहे, दरवर्षी तेवढाच राहतो, आणि तुम्ही ५० टक्क्यांच्या पायरीवर आहात. काच ६,००० रुपयांची. दावा केलात तर १,००० वजा जाऊन ५,००० मिळतील. पण पुढील पाच वर्षांत सवलतीतला तोटा अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये, म्हणजे एकूण १२,५०० रुपये होईल. दावा न करणेच स्वस्त! काही कंपन्या जादा हप्ता घेऊन बोनस राखतात, तर काही फक्त काचेच्या दुरुस्तीला सूट देतात. म्हणून पॉलिसीतील ही अट दावा करण्यापूर्वी वाचावी.

समारोप

वजावट ही केवळ कंपनीची कंजुषी नाही आणि तिची माफी हे केवळ औदार्य नाही. वजावट ठेवली तर लोक तडा गेलेल्या काचेतून रस्ता पाहतात. ती काढली तर किंमत विचारणारा कोणी उरत नाही. फ्लोरिडाला हे दुसरे टोक दिसायला आणि त्यावर उपाय करायला अनेक वर्षे लागली. भारतात वजावट लहान असली तरी बोनसच्या भीतीने तोच परिणाम घडतो, फक्त तो आकड्यांत चटकन दिसत नाही. सवलत देताना ती कोणाला मिळते, आणि तिच्या आडून कमाई कोणाची होते, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारावे लागतात.

स्वाध्याय

१. लॉइड्सच्या १७४९ च्या टिपेतील मर्यादा आणि आजची वजावट यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. लॅमिनेटेड काचेमुळे दुरुस्तीतील दिरंगाई कशी शक्य झाली?
३. फ्लोरिडातील कोणत्या तीन नियमांच्या संगमातून खटले वाढले? त्यांपैकी कोणता नियम २०२३ नंतरही टिकला आणि का टिकला असावा?
४. तुमच्या घरातील वाहनाची पॉलिसी घ्या. वर दिलेल्या रीतीने काचेचा दावा करणे परवडेल का, ते मांडून पाहा.